बाटलीतला उपास

"हा उपास आहे, आक्का," घोरपडे सर म्हणाले आणि खोकल्याच्या औषधाची असते तेवढी एक बाटली त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

भाद्रपदातलं पर्व दोन महिन्यांवर आलं होतं. मी सोप्यात हळकुंडं निवडत बसले होते. घोरपडे सर माझ्या नातीला, त्रिशलाला, सायकल शिकवायचे. शर्यतीची सायकल, नुसती चालवायला ती लहानपणीच गुडघे फोडून शिकली होती. माणूस चांगला, पण त्या दिवशी कांदा खाऊन आलेला. आम्ही जैन. आमच्या घरात कांदा कधी उंबरा ओलांडून आला नाही, आणि त्याचा वास घेऊन येणारा पाहुणाही सोप्यापर्यंतच. सरांना हे माहीत होतं. ते आपणहून पायरीवर टेकले होते.

"उपास कधीपासनं बाटलीत मिळायला लागला?" मी विचारलं.

"थट्टा नाही, आक्का. माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला की अंगातली साखर संपते. मग शरीर चरबी जाळतं आणि त्यातनं एक इंधन तयार करतं. कीटोन म्हणतात त्याला. तुम्ही पर्वात दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहता, ते त्याच्याच जिवावर. तेच यांनी बाटलीत भरलंय. परदेशातले सायकलवाले शर्यतीआधी पितात."

मी झाकण फिरवून नाक जवळ नेलं. नखं रंगवायच्या रंगासारखा वास. आणि त्याच्या मागं आणखी एक, माझ्या चांगल्या ओळखीचा. उपासाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाला येतो तो. जास्त पिकून उतरलेल्या फळासारखा.

"पिऊन जोर येतो?"

"कुणी म्हणतं येतो, कुणी म्हणतं काही फरक नाही. काही ठिकाणी तपासून बघितलं तर पिणारेच मागं पडले. पोटही बिघडतं पुष्कळांचं."

"मग हिला कशाला पाजताय?"

सरांनी डोकं खाजवलं. "बाकीच्या पोरी पिणार, आक्का. ही न पिता मागं पडली तर जन्मभर त्या बाटलीलाच दोष देत बसेल."

मी बाटली परत त्यांच्याकडं सरकवली. "मी इतकी वर्षं फुकट करते ते तुम्ही विकत घेता होय? मग उपासाच्या पुण्याचीही एक बाटली मिळते का बघा. आमच्या धनपालला पाजते. त्याला गरज आहे."

सर मोठ्यानं हसले. त्रिशला दाराला टेकून उभी होती, ती हसली नाही. तिनं येऊन बाटली उचलली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "असू दे सर. मी बघते काय करायचं ते."

धनपाल माझा थोरला. हळदीची पेढी त्याच्याकडं आणि त्रिशला त्याची मुलगी. बाप म्हणून वाईट नाही, पण गावात कुणी 'तुमची पोरगी आखूड चड्डीत दिसली' म्हटलं की त्याचा घास घशात अडकायचा. त्यात निपाणीचं स्थळ चालून आलं होतं. तंबाखूवाले, घरचे सुखी, मुलगाही बरा. त्यांची एकच अट, लग्नानंतर सायकल नको. पोरगी ऐकेना, बाप सोडेना. एका संध्याकाळी दोघं माझ्यासमोर येऊन बसले.

"आई, तूच सांग आता," धनपाल म्हणाला. "पुढच्या महिन्यात सांगली ते पन्हाळा निवडीची शर्यत आहे. हिचे सर सांगतात, पहिल्या तिघी राज्याच्या संघात. त्या तिघींत आली तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही आली तर सायकल विकायची आणि निपाणीला होकार."

"कबूल," त्रिशला म्हणाली. बापाचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

मी दमलेली होते. नवरा गेल्यापासून या घरातला प्रत्येक तंटा माझ्या पुढ्यात येऊन बसतो. हळद कधी शिजवायची, चुलत्याशी बोलायचं का नाही, कुणाच्या बारशाला किती जणांनी जायचं. न्यायाधीशाला पेन्शन तरी असते. पोरीच्या डोळ्यांत बघितलं असतं तर कदाचित दुसरं काही बोलले असते, पण मला तेव्हा नुसतं आडवं व्हायचं होतं.

"ठरलं मग," मी म्हटलं. "दोघांनी शब्द दिलाय, दोघांनी पाळायचा. या घरात शब्द मोडत नाहीत."

पर्व सुरू झालं. दहा दिवस दहा उपास, दिवसातनं एकदा तापवून निववलेलं पाणी, बस्. बावीस वर्षं माझा हा नेम कधी चुकला नव्हता. शेवटच्या दिवशी गावातनं बग्गी निघते, उपास पुरे करणाऱ्यांना तिच्यात बसवतात, पुढं बँड. खोटं कशाला सांगू, मला ती बग्गी आवडायची. मागून माझ्याविषयी काय काय बोलणाऱ्या बायका त्या दिवशी माझ्या पाया पडायच्या.

उपासकरीण स्वयंपाकघराकडं फिरकत नाही. दिवसभर मी बस्तीत, आमच्या देवळात, पोथी ऐकत असायचे आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. कोण जेवलं, कोण नाही, हे मला कळायचं कारण नव्हतं. सूनबाईनं, पद्मजानं, एकदा म्हटल्याचं आठवतं: "त्रिशू हल्ली सरांच्याकडंच खाऊन येते म्हणते." मी हुं केलं. पाण्यावर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी नको वाटते.

शर्यतीचा रविवार माझ्या सातव्या उपासाला आला. मुलीबरोबर घरचं कुणीतरी गाडीत हवं, असा नियम होता. धनपाल म्हणाला, पेढीवर गाड्या यायच्यात. पद्मजाला पर्वाचा स्वयंपाक.

"मी जाते," मी म्हटलं.

"आई, सातवा उपास!" धनपाल म्हणाला.

"उपास पोटाचा आहे. बुडाचा नाही. जीपमध्ये बसायचंच आहे ना?"

पद्मजानं माझं पाणी स्टीलच्या बाटलीत भरून दिलं आणि पोरीसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. पहाटेच्या गारव्यात त्रिशला माझ्या शेजारी बसली होती. चेहरा उतरलेला, पण शर्यतीच्या दिवशी कुणाचा नसतो? सर गाडी चालवत होते.

"बाटली घेतलीस का गं?" त्यांनी आरशातनं विचारलं.

"घेतली सर."

"वास येतोयच म्हणा. जीपभर झालाय."

मलाही तो वास आला होता. मी हळूच तोंडावर पदर धरला. सात दिवस झाले होते. मला वाटलं, माझ्याच तोंडाचा.

शर्यत सुटली. आम्ही मागनं. आधी पोरींचा घोळका एकमेकींना चिकटून पळत होता, आणि आमची त्यात पुढं, तिसरी-चौथी. जयसिंगपूर मागं पडलं, हातकणंगलं मागं पडलं. सर स्टिअरिंगवर थाप मारून "शाब्बास" म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे, जणू तिला मीच पेडल मारायला शिकवलं होतं.

"आक्का, अशीच राहिली तर संघात नक्की."

मी नुसती मान हलवली. बोलायलाही ताकद लागते. पण मनात मी निपाणीला पत्र लिहायला घेतलं होतं: आमची मुलगी तुमच्या अटीत बसत नाही, क्षमस्व.

कोल्हापूर ओलांडल्यावर ती मागं पडायला लागली. आधी दोघी पुढं गेल्या, मग चौघी. सरांनी गाडी शेजारी घेऊन खिडकीतनं हाक मारली, "पाणी पी! काहीतरी खा!" तिनं मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून ते कळलं नाही. केर्लीच्या पुढं तिची सायकल रस्त्यावर वाकडीतिकडी जायला लागली, दारू प्यायलेल्या माणसाच्या चालीसारखी. वाघबीळला पन्हाळ्याचा चढ लागला. थोडी चढली असेल. मग एका वळणावर तिनं पाय टेकला, सायकल कठड्याला लावली आणि खाली बसली.

सर गाडी थांबवून साखरेचं पाणी घेऊन पळाले. "पी. पी बाळ. दोन घोट."

तिनं ओठ मिटून घेतले.

"पोटात ढवळतंय का? बाटलीनं होतं तसं. ओकारी झाली तरी चालेल, पण पी."

ती सरांकडं बघतच नव्हती. लांब कुठंतरी बघत होती. मी जीपमधनं उतरले. कठड्याला धरत धरत गेले आणि तिच्यासमोर दगडावर बसले. तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. घाटातलं वारं तिच्या पाठीमागनं माझ्या तोंडावर येत होतं. आणि त्या वाऱ्याबरोबर तो वास.

हा माझा नव्हता.

"काल काय जेवलीस?" मी विचारलं.

तिनं हनुवटी सोडवून घेतली.

"परवा?"

गप्प.

"त्रिशला, कितवा दिवस आहे?"

"तिसरा," ती म्हणाली. आवाज विहिरीच्या तळातनं आल्यासारखा.

मी तिच्या सदऱ्याच्या पाठीवरच्या खिशात हात घातला. एक रुमाल निघाला आणि ती बाटली. काठोकाठ भरलेली. मी वास घेताना झाकण उघडलं होतं, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

सर ते बघून मटकन खाली बसले. "अगं, सकाळी तू म्हणालीस, घेतली..."

"बरोबर घेतली, असं म्हणाले मी." ती क्षीण हसली. मग माझ्याकडं वळली. "तूच म्हणालीस ना आज्जी, मी फुकट करते ते हे विकत घेतात. मग मी कशाला विकत घेऊ? तुझीच नात आहे ना मी?"

सर कपाळावर हात मारून म्हणाले, "बाळा, त्या बाटलीचा अर्थ तसा नाही गं. अंगात साखर भरलेली हवी, आणि वरनं हे. दोन टाक्या. तू एक टाकी भरायला दुसरी ओतून टाकलीस. घाट कशावर चढणार? मीच मूर्ख. मीच म्हणालो उपास आहे म्हणून."

"सर, गप्प बसा," मी म्हटलं. "कुणाचं किती चुकलं ते घरी गेल्यावर वाटून घेऊ. डबा आणा."

त्यांनी लाडवांचा डबा आणला. मी एक लाडू तिच्यापुढं धरला. "खा."

"नाही. उद्या सकाळी पारणं करीन. बस्तीत नेम घेतलाय मी. तीन दिवसांचा." ती उठायला लागली. अर्ध्यातच परत बसली. "थोडा चढ राहिलाय आज्जी. जाते मी. आता खाल्लं तर सगळं वाया जाईल."

"नेम कुणापुढं घेतलास?"

"देवापुढं."

"मागितलंस काय?"

"घाट चढायची ताकद."

"आपला देव देत नाही गं बाई," मी म्हटलं. "घेतही नाही. तो डोळे मिटून बसलाय. त्यानं स्वतः सगळं सोडलं तेव्हा तिथं बसलाय. त्याला तुझ्या पन्हाळ्याचं काय?"

"तू कधी मोडतेस का मधेच?" ती एकदम ताठ झाली. कठड्याला टेकलेली, ओठ पांढरे पडलेले, पण मान अशी की बघत राहावं. ती मान कुणाची होती ते मला ठाऊक होतं. मी रोज वेणी घालताना आरशात बघत आले होते. "तापात असताना तू उपास केलेस. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा केलेस. सगळं गाव सांगतं. आणि मला तिसऱ्या दिवशी लाडू देतेस? तू खाशील? सातव्या दिवशी? खा की!"

सर म्हणाले, "अगं, काय बोलतेस आज्जीला."

घाटात एक ट्रक घरघरत वर गेला. त्याच्यामागनं शर्यतीतली एक बारकी पोरगी आमच्याकडं वळून वळून बघत पुढं निघून गेली. ती शेवटची. तिच्यामागं आता कुणी नव्हतं.

मी लाडू फोडला आणि अर्धा तोंडात टाकला.

सात दिवसांनी तोंडात गूळ गेला की काय होतं ते केल्याशिवाय कळत नाही. गोड लागत नाही. जबडा दुखतो. कानशिलापर्यंत कळ जाते, डोळ्यांतनं पाणी येतं, आणि घसा म्हणतो, हे काय, कोण आहे हे? पारणं मुगाच्या पाण्यानं करायचं असतं, चमच्या-चमच्यानं, कुणीतरी प्रेमाचं माणूस शेजारी बसलेलं. कोरड्या लाडवानं ते शत्रूनंही करू नये. मी चावत राहिले. सर तोंड फिरवून रस्त्याकडं बघत होते. त्रिशलाचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आज्जी... बग्गी..." ती म्हणाली.

"बग्गीला घोडा लागतो, आज्जी लागत नाही," मी म्हटलं आणि उरलेला अर्धा तिच्या त्या उघड्या तोंडात कोंबला. "चाव."

ती चावायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. मी तिला रडू दिलं, थांबू दिलं नाही. दुसरा लाडू दिला, साखरेचं पाणी दिलं. माझ्या पोटात तोवर सुरी फिरल्यासारखं व्हायला लागलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

बऱ्याच वेळानं तिच्या ओठांना रंग आला. सर म्हणाले, "चला, सायकल टपावर टाकू."

"नको सर," ती म्हणाली. "वर जाते. शेवटची तर शेवटची."

ती गेली. आम्ही मागनं, पायी चालणाऱ्याच्या वेगानं. वर पोचलो तेव्हा मांडवाच्या कनाती सोडत होते. टाळ्या वाजवायला एक चहावाला होता.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. धनपाल सोप्यात उभा होता. त्याला आधीच फोन गेला असणार.

"कितवी?" तरी त्यानं विचारलं.

"शेवटची," त्रिशला म्हणाली.

"मग ठरल्याप्रमाणे." तो माझ्याकडं बघून बोलला, आवाज मऊ होता. जिंकलेल्या माणसाचा नव्हता, सुटलेल्या माणसाचा होता. "आई, तूच म्हणाली होतीस. या घरात शब्द मोडत नाहीत. सकाळी निपाणीला फोन करतो."

मी पायरीवर बसले. खरंतर कोसळले, पण बसल्यासारखी.

"पद्मजा," मी आत हाक मारली, "दिवस मावळायच्या आत मला ताट वाढ. मुगाची पातळ आमटी असेल तर ती. आणि भात."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. पद्मजा दारात आली, हात पिठाचे. धनपाल एक पायरी खाली उतरला.

"आई, सातवा उपास आहे तुझा."

"होता. दुपारी मोडला."

"मोडला? कुणी?"

"मीच. रस्त्यावर बसून, पाय धुतल्याशिवाय. बावीस वर्षांचा नेम मोडला रे धनपाल. बाहेर जाऊन बघ, आभाळ जागेवर आहे का."

त्यानं खरंच मान वळवून बाहेर बघितलं.

"आहे ना? मग तुझा शब्द तर दीड महिन्याचा आहे. आणि माझाही त्यात आहेच. तोही मीच मोडते, एकदा बट्टा लागलाय तर पुरता लागू दे. सायकल विकायची नाही. निपाणीला फोन मी करीन. त्यांच्या आईला नीट समजेल अशा भाषेत."

"लोक काय म्हणतील?"

"लोक या वर्षी माझ्याविषयी बोलतील. बग्गीत आक्का का नाहीत म्हणून. तुझ्या पोरीकडं कुणाचं लक्ष जाणार नाही. जा, हातपाय धू."

ताट आलं. त्रिशला कोपऱ्यात उभी होती. मी तिला बोटानं समोर बसायला सांगितलं आणि तिचंही ताट मागवलं. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो ते अख्ख्या घरानं उभं राहून बघितलं, कुणाचं लग्न लागत असल्यासारखं.

शेवटच्या दिवशी बग्गी आमच्या दारावरनं गेली. बँड दारापुढं नेहमी जरा जास्त वेळ वाजायचा. त्या वर्षी न थांबता पुढं गेला. मी आत हळकुंडं निवडत होते. एक निवडायचं तिथं दोन निवडत होते, एवढंच.

पुढच्या वर्षी ती निवडीत चौथी आली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. बाटली प्यायली का नाही ते मी विचारलं नाही. ते तिचं आणि सरांचं. आता ती स्वतः पोरींना शिकवते, महिना महिना शिबिरात असते. लग्न केलं तिनं, तिच्या वेळेला, सायकलीसकट.

मी मात्र त्यानंतर पर्वाचे उपास केले नाहीत. गाव म्हणतं, आक्कांचं वय झालं. म्हणू दे. वय काय, उपाशी राहायला वय लागत नाही. पण ती घरी आली की जेवायला समोर कुणीतरी बसावं लागतं, ताट घेऊन. रिकाम्या हातानं समोर बसून 'जेव' म्हणणाऱ्याचं ती ऐकत नाही. माझंच रक्त आहे ते.

आणि एक सवय लागली ती गेली नाही. ती दारात आली की सायकल ठेवायच्या आधी मी म्हणते, "आ कर." एवढी मोठी बाई, पण वाकते आणि तोंड उघडते. मी वास घेते. मग आत जायचं.

परवाच शिबिरातनं आली. "आ कर," मी म्हटलं. तिनं तोंड उघडलं.

कांद्याचा वास होता. चांगला झणझणीत, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खाल्लेला.

"जा," मी म्हटलं, "आत जा. ताट वाढलंय."